डोंगराचे छायाचित्र

दुरून डोंगर साजरे, अशी आपल्याकडे म्हण आहे. कॅमेरा हाती आलेल्या माणसाचा अनुभव मात्र नेमका उलट असतो. आंबोलीच्या घाटात, महाबळेश्वरच्या एखाद्या कड्यावर किंवा पचमढीच्या धूपगडावर उभे राहून तो जे पाहतो, त्याने त्याचे भान हरपते. खिशातील मोबाइल काढून तो पाच-पंचवीस छायाचित्रे घेतो, आणि घरी येऊन मंडळींना दाखवू लागला की स्वतःच ओशाळतो. आभाळाला भिडलेला जो डोंगर त्याने पाहिला, तो चित्रात एखाद्या निळसर उंचवट्याएवढा उरलेला असतो. वर आभाळ पांढरे फटक, खाली दरी काळी मिट्ट, आणि मध्ये कोठे तरी तो उंचवटा. ‘प्रत्यक्षात फार सुंदर दिसत होते,’ असे अखेर तोंडाने सांगावे लागते. घरातील आजी, जिच्या गुडघ्यांनी आता घाट चढणे कायमचे सोडले आहे आणि जिला त्या चित्रावाचून तो डोंगर दिसण्याचा दुसरा मार्ग नाही, ती ‘हो का?’ म्हणून चष्मा काढून ठेवते.

ही फजिती कोणाच्या अडाणीपणामुळे होते असे नाही. माणूस नुसत्या डोळ्याने पाहत नाही, मनानेही पाहतो. ज्याच्याकडे त्याचे लक्ष वेधले गेले आहे ते शिखर मन मोठे करून घेते. आजूबाजूचे खांब, तारा, उपाहारगृहाच्या पाट्या ते वगळून टाकते. आभाळाकडे पाहताना बाहुली आकुंचन पावते, दरीत डोकावताना विस्फारते, आणि या दोन्ही दर्शनांचे एकच चित्र मनात तयार होते. कॅमेऱ्याच्या भिंगाला यांतले काहीच करता येत नाही. ते पुढ्यातले सारे सारख्याच निर्विकारपणे टिपते. शिवाय मोबाइलचे नेहमीचे भिंग रुंद दृष्टीचे असते. पायाजवळचा दगड त्यात अवाढव्य दिसतो आणि क्षितिजावरचे शिखर मुंगीएवढे होते.

यावर पहिला उपाय असा की, डोंगर मोठा दिसावा म्हणून त्याच्या अगदी जवळ जाऊ नये. हे ऐकावयास विचित्र वाटेल. परंतु पायथ्याशी उभे राहिल्यास शिखर मागे कलते आणि मधल्याच एखाद्या टेपाडाआड दडते. थोडे लांब जावे, शक्य तर समोरच्या एखाद्या टेकडीवर निम्म्या उंचीपर्यंत चढावे, आणि लांब पल्ल्याचे भिंग वापरावे. वस्तूंचे परस्परांतील लहानमोठेपण भिंगावर अवलंबून नसून आपण कोठे उभे आहोत यावर अवलंबून असते. मागे सरकले की जवळचे झाड लहान होते, दूरचे शिखर मात्र जवळजवळ तेवढेच राहते. मग लांब भिंगाने तेवढाच भाग मोठा करून घेतला की गावातील घरांच्या कौलांवर तो डोंगर खरोखरीच उभा ठाकलेला दिसतो. ज्यांच्यापाशी निराळे भिंग नाही त्यांनी निदान रिकाम्या आभाळाचा अर्धा चौकोन तरी घेऊ नये.

दुसरी गोष्ट मोजमापाची. नुसत्या खडकाच्या चित्रावरून तो वीस फुटांचा आहे की दोन हजार फुटांचा, हे कोणासही सांगता येत नाही. इटलीतील बिएला गावचा व्हित्तोरिओ सेला (१८५९–१९४३) हा पर्वतांच्या छायाचित्रकारांत अग्रगण्य समजला जातो. १८९९ मध्ये डग्लस फ्रेशफील्डच्या तुकडीबरोबर त्याने कांचनगंगेला प्रदक्षिणा घातली, आणि १९०९ मध्ये अब्रुत्झीच्या ड्यूकबरोबर तो के-२ शिखराच्या हिमनद्यांवर गेला. त्याची कित्येक चित्रे पाहताना प्रथम फक्त बर्फाचा अफाट विस्तार दिसतो. मग केव्हा तरी एका कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढी, दोरीने एकमेकांस बांधलेली माणसे दृष्टीस पडतात, आणि त्या क्षणी तो सारा विस्तार अंगावर येतो. आपल्याकडे यासाठी दोरखंडाची गरज नाही. सोंडेवरून उतरणारा गुराखी, बुरुजावरचा झेंडा, पायवाटेवरची मोळीवाली बाई पुरेशी आहे. फक्त तिला भिंगाजवळ आणून हसावयास सांगू नये; ती जेथे चालली आहे तेथेच चालू द्यावी.

आता उजेडाविषयी. सह्याद्रीचा दगड काळा, आणि तो लाव्ह्याच्या थरावर थर साचून झालेला. हे आडवे थर, त्यांवरच्या कपारी, मधले गवताचे पट्टे हीच त्याची ओळख आहे, आणि ती फक्त तिरप्या उन्हातच दिसते. दुपारी बारा वाजता सूर्य माथ्यावर असताना प्रत्येक कपारीची सावली तिच्याच पोटात शिरते आणि कडा सपाट, निर्जीव वाटतो. हौशी मंडळी नेमकी याच वेळी माथ्यावर पोचतात, कारण सकाळी चहा घेऊन निघालेली असतात. कोकणात उतरणारे मोठे कडे बहुधा पश्चिमाभिमुख आहेत. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडाच घेतला तर तो सकाळभर स्वतःच्याच सावलीत असतो. दुपार कलली म्हणजे त्यावर ऊन येते आणि मग घटकाभरात त्याचे रूप पालटत जाते. तेव्हा निघण्यापूर्वी नकाशा पाहून आपला डोंगर कोणत्या दिशेला तोंड करून आहे, एवढे तरी ठरवावे. ऋतूंचेही तसेच आहे. पावसाळ्यात ढग क्षणभर फाटतात आणि कडा उघडा पडतो. तो क्षण मिळाला तर त्यासारखे चित्र नाही, पण त्यासाठी छत्रीखाली तासन् तास बसावे लागते. पाऊस संपल्यावरचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवस सामान्य माणसाला सर्वांत सोयीचे. हवा धुतलेली असते आणि गवत पिवळे पडू लागलेले असते. मार्च उजाडला की धूळ, वणव्यांचा धूर आणि उष्मा यांचा पडदा पडतो आणि तिसऱ्या रांगेपलीकडचा डोंगर दिसेनासा होतो.

हा पडदा निळसर का असतो, हे समजून घेण्यासारखे आहे. हवेतील सूक्ष्म कण निळा प्रकाश फार विखुरतात, तांबडा त्या मानाने फारच थोडा. म्हणून दूरच्या डोंगरावर निळी साय धरते. याच तत्त्वाचा उपयोग करून अमेरिकेच्या योसेमिटी दरीत एका तरुणाने जे चित्र घेतले, त्याची हकीकत प्रत्येक हौशी छायाचित्रकाराने ऐकावी अशी आहे.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स याचा जन्म १९०२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. त्याला पियानोवादक व्हावयाचे होते. डोंगरांची चित्रे घेणे हा तोवर छंदच होता. १० एप्रिल १९२७ रोजी तो काही मित्र आणि पुढे ज्या मुलीशी त्याने लग्न केले ती व्हर्जिनिया, यांच्यासह हाफ डोम नावाच्या प्रचंड कड्यासमोरील एका उंच शिळेवर चढला. वाटेत बर्फ होते. पाठीवर लाकडी कॅमेरा, तिवई, भिंगे आणि बारा काचपट्ट्या. रस्त्यातच बऱ्याच पट्ट्या खर्ची पडल्या किंवा वाया गेल्या. जागेवर पोचले तेव्हा कड्यावर ऊन आलेले नव्हते. ते येण्याची वाट पाहत बसणे आले. ऊन आले तेव्हा दोनच पट्ट्या शिल्लक होत्या. पहिली त्याने रिवाजाप्रमाणे पिवळा फिल्टर लावून घेतली. आणि पट्टी झाकताना त्याच्या ध्यानात आले की, हे चित्र समोरच्या कड्याचे होईल, पण तो कडा पाहून आपल्या मनात जे दाटून आले आहे त्याचे होणार नाही. आभाळ फिकट राहील आणि कडा त्यात विरून जाईल. त्याने पिवळा फिल्टर काढला आणि गडद तांबडा लावला. तांबड्या काचेतून निळा प्रकाश जवळजवळ येतच नाही. म्हणजे आभाळ काळे होणार, दूरची निळी साय पुसली जाणार, आणि सावल्यांनाही आभाळाचाच उजेड मिळत असल्यामुळे त्या खोल होणार. अशा काचेतून उजेड थोडा येतो म्हणून भिंग पाच सेकंद उघडे ठेवावे लागले. ती शेवटची पट्टी होती.

ते चित्र आजही पाहावयास मिळते. काळ्या आभाळाखाली तो दगडी कडा असा उभा आहे की पाहणाऱ्याने नकळत पाऊल मागे घ्यावे. त्या दिवशी योसेमिटीचे आभाळ काळे नव्हते, हे खरेच. पण त्यात नवलाची गोष्ट फिल्टरची नाही. चित्र घेण्यापूर्वीच ते तयार झाल्यावर कसे दिसेल याचे दर्शन त्याने मनाशी घेतले आणि मग त्याप्रमाणे साधन निवडले, हे महत्त्वाचे. आजचा हौशी माणूस शंभर चित्रे घेतो आणि घरी जाऊन त्यांत एखादे बरे निघते का ते शोधतो. दोनच पट्ट्या उरल्या आहेत असे समजून एक दिवस डोंगरावर जाऊन पाहावे. डोळा आपोआप तयार होऊ लागतो.

तांबड्या फिल्टरचा उपयोग कृष्णधवल चित्रापुरताच. रंगीत चित्रासाठी पोलरायझर नावाची फिरती काच मिळते. सूर्य आपल्या डाव्या किंवा उजव्या हातास असेल तेव्हा ती सर्वांत अधिक गुण देते, आणि सूर्य समोर किंवा पाठीशी असेल तेव्हा जवळजवळ काहीच देत नाही. ओल्या पानांवरची व खडकांवरची चकाकी ती काढून टाकते, म्हणून पावसाळ्यात फार उपयोगी पडते. मात्र रुंद भिंगावर लावल्यास आभाळाचा एक कोपरा गडद आणि दुसरा फिका होतो, आणि हिमालयातील उंचीवर, जेथे आभाळ मुळातच गडद असते, तेथे ती शाई सांडल्यासारखे करून ठेवते.

बर्फाचे चित्र करडे का येते, असा प्रश्न हिमाचलला जाऊन आलेले लोक नेहमी विचारतात. कॅमेऱ्याचे मापक समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालते. त्याला बर्फ दाखवला तर ते तो करडा करते, आणि सह्याद्रीचा काळा कातळ दाखवला तर तोही करडा करते. म्हणून बर्फासाठी आपण होऊन एक ते दोन स्टॉप उजेड वाढवावा, आणि काळ्या कातळासाठी थोडा कमी करावा. मोबाइलमध्येही पडद्यावर बोट ठेवून ते वर-खाली सरकवले की बहुधा हे साधते. आभाळ अगदी पांढरे पडू देऊ नये. जेथे एकदा पांढरे फटक झाले तेथून पुढे कोणत्याही युक्तीने ढग परत आणता येत नाहीत, सावलीतून मात्र पुष्कळ काही वर काढता येते. कॅमेरा तिवईवर ठेवावा, दोन सेकंदांची मुदत लावून बटन दाबावे, भिंगाचे छिद्र एफ ८ ते एफ ११ च्या आसपास ठेवावे. अधिक बारीक केल्याने सारे अधिक स्पष्ट येते हा समज काही अंशीच खरा आहे. फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि चित्र मऊ पडते.

आता घरी आल्यावरचे काम. चित्रात मागाहून हात घालणे ही संगणकाने आणलेली वाईट खोड आहे, असे कित्येकांना वाटते. वास्तविक हे काम छायाचित्रणाइतकेच जुने आहे. नॉटिंगहॅमच्या एका बँकेतील नोकरी सोडून सॅम्युअल बोर्न १८६३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि त्याच वर्षी सुमारे तीस हमालांसह सिमल्याहून हिमालयात शिरला. १८६६ मध्ये त्याने १८,६०० फुटांवरील मणिरंग खिंडीत चित्रे घेतली. एवढ्या उंचीवरील चित्रे त्यानंतर बरीच वर्षे कोणी घेतली नव्हती. त्या काळी काचेवर कलोडियनचा लेप देऊन, ती ओली असतानाच चित्र घेऊन, ती ओली असतानाच तंबूतील अंधारात धुवावी लागे. बोटे गारठलेली, पाणी गोठलेले, आणि तशात हे सारे. तो लेप निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असल्यामुळे आभाळ नेहमी कोरे पांढरे येई. तेव्हाचे अनेक छायाचित्रकार ढगांची निराळी काच ठेवीत आणि छापताना ते ढग डोंगरावर चढवीत. म्हणजे आज ज्याला आपण नावे ठेवतो ते आपल्या पणजोबांच्या काळापासून चालत आलेले आहे. म्हणून ते चांगले ठरते असे नव्हे.

आजच्या संस्करणाची सुरुवात चित्र घेतानाच होते. कॅमेऱ्यात किंवा चांगल्या मोबाइलमध्ये ‘रॉ’ या प्रकारात चित्र साठवण्याची सोय असते. नेहमीच्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात. चौदा बिटांच्या रॉ चित्रात १६,३८४. पायऱ्या जितक्या अधिक तितके दरीतील काळोखातून झाडी वर काढणे सोपे. प्रथम चित्र सरळ करावे. समुद्रसपाटी किंवा तलावाचे पाणी वाकडे राहिले तर बाकीचे सर्व श्रम फुकट. मग चौकटीच्या कडेने आलेली फांदी, अर्धा माणूस, प्लास्टिकची पिशवी दिसते का ते पाहून चित्र कापून घ्यावे. मग काळे किती काळे आणि पांढरे किती पांढरे हे ठरवावे. त्यानंतर धुके कमी करण्याची कळ. ही कळ म्हणजे चिवड्यातील मिरची आहे. थोडी घातली तर चव येते. पण हात सैल सुटला की जवळचा आणि दूरचा डोंगर सारखेच ठळक होतात, आणि ज्या फिकटपणामुळे एकामागे एक सात रांगा आहेत हे कळत होते तो फिकटपणाच नाहीसा होतो. सह्याद्रीच्या चित्रातील निम्मी खोली त्या निळ्या सायीत असते.

यापुढचे काम अधिक नाजूक. अंधारखोलीत प्रिंट काढताना छायाचित्रकार हाताने किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्याने एखादा भाग थोडा वेळ झाकून उजळ ठेवीत, आणि दुसऱ्या भागास अधिक उजेड देऊन गडद करीत. आजच्या संगणकात तेच मऊ कुंचल्याने करता येते. सबंध चित्र उजळण्यापेक्षा ज्या कड्यावर ऊन आहे तेवढाच थोडा उजळावा, आभाळाचा वरचा काठ थोडा उतरवावा. पाहणाऱ्याची नजर आपण होऊन उजेडाकडे जाते. मात्र डोंगराच्या कडेने पांढरी झालर उमटली की समजावे, हात जड पडला. ही झालर, आणि पोपटाला लाजवील असे हिरवे गवत, या दोन खुणांवरून बिघडवलेले चित्र पाच हातांवरून ओळखू येते. रंग वाढवावयाचे झाल्यास हिरव्याला शेवटी हात लावावा, किंबहुना लावूच नये. बर्फावरील सावल्या निळ्या दिसतात त्या पुसून पांढऱ्या करण्याचाही मोह होतो. पण त्या निळ्याच असतात, कारण त्यांना फक्त आभाळाचा उजेड मिळत असतो. काम झाल्यावर चित्र रात्रभर तसेच ठेवावे आणि सकाळी पुन्हा पाहावे. आदल्या रात्री जे भव्य वाटले होते ते निम्मे मागे घ्यावेसे वाटते.

मग हद्द कोठे? काळे आभाळ चालते, तर बाजारात मिळणारे तयार सूर्यास्ताचे आभाळ का चालू नये? शिखर थोडे ताणून उंच केले तर कोणाचे काय बिघडते? बिघडते, आणि ते कळावयास कधी कधी शंभर वर्षे लागतात. १९२१ मध्ये एव्हरेस्टची पाहणी करणाऱ्या पहिल्या तुकडीत जॉर्ज मॅलरी होता. तो मोठा गिर्यारोहक, पण छायाचित्रणात कच्चा. काचपट्ट्या उलट बसवल्यामुळे त्याची काही चित्रे फुकट गेली आणि ती घेण्यासाठी पुन्हा तंगडतोड करावी लागली. तरी त्याने उत्तरेकडील रोंगबुक हिमनदीचे जे चित्र आणले त्यात काही जोडले नव्हते की काढले नव्हते. २००७ मध्ये डेव्हिड ब्रेशियर्स हा अमेरिकन गिर्यारोहक ती जागा शोधून तेथेच उभा राहिला आणि तसेच चित्र त्याने घेतले. दोन्ही शेजारी ठेवून पाहता त्या हिमनदीची उंची सुमारे ३२० फुटांनी खचलेली आढळली. मॅलरीने सौंदर्यासाठी बर्फाचा एखादा सुळका वाढवला असता तर ते चित्र साक्ष देण्यास निरुपयोगी ठरले असते. आज आपल्या तालुक्यातील जी टेकडी खडीसाठी पोखरली जात आहे, तिचेही एक प्रामाणिक चित्र कोणापाशी तरी असलेले बरे.

अ‍ॅडम्सच्याच दुसऱ्या एका चित्राने या प्रश्नाचे उत्तर फार गमतीने दिले आहे. १९४१ च्या शरदात न्यू मेक्सिकोतील एर्नांदेझ खेड्याजवळून मोटारीने जाताना त्याला बर्फाच्या डोंगरांवर चढलेला चंद्र आणि मावळत्या उन्हात उजळलेले दफनभूमीतील पांढरे क्रूस दिसले. घाईने गाडी थांबवून त्याने कॅमेरा लावला. उजेड मोजण्याचे मापक सापडेना. चंद्राचे तेज त्याला पाठ होते, त्यावरून हिशेब करून त्याने एक पट्टी घेतली. दुसरी घेण्यास जातो तो क्रूसांवरचे ऊन गेलेले. त्या एका निगेटिव्हवर त्याने पुढे कित्येक वर्षे मेहनत घेतली. १९४८ मध्ये तिचा खालचा भाग पुन्हा रसायनात घालून ठळक केला. सुरुवातीच्या प्रिंटांत आभाळात फिकट ढगांच्या रेघा होत्या. वर्षे गेली तसे ते आभाळ काळे काळे होत गेले. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहून ठेवलेली चीज आणि प्रिंट म्हणजे तिचे गायन, असे तो म्हणे, आणि पियानो शिकलेल्या माणसाला ते शोभून दिसे.

पण चित्र कोणत्या दिवशी घेतले ते तो लिहून ठेवण्यास विसरला होता, आणि निरनिराळ्या प्रसंगी निरनिराळी साले सांगत असे. अखेर खगोलशास्त्राचे अभ्यासक त्या कामास लागले. १९८१ मध्ये डेव्हिड एल्मोर यांनी चित्रातील चंद्राच्या स्थानावरून ३१ ऑक्टोबर १९४१ ही तारीख काढली. १९९१ मध्ये डेनिस डि चिको यांनी तिवई उभी होती ती जागा अधिक नेमकी शोधून तीत एका दिवसाची दुरुस्ती केली. आभाळ इतक्या वेळा काळे केले गेले, तरी चंद्र, डोंगररेषा आणि क्रूस जागचे हलले नव्हते. म्हणून पन्नास वर्षांनी त्यांना १ नोव्हेंबर, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटे, एवढे नेमके सांगता आले.